पिंगल तेल्याचा रिकामा घाणा

गोदावरीच्या काठी पोतली नावाचे नगर होते. तिथे अश्मकांचा राजा गादीवर असताना बोधिसत्त्वाने अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता, आणि लोकांचे तंटे ऐकून निवाडा करणे हे त्याचे काम होते.

त्याच नगरात पिंगल नावाचा तेली राहत असे. त्याचा दोन बैलांचा मोठा घाणा होता. बायको सोणा तीळ पाखडी, उन्हात घाली, गिऱ्हाईक सांभाळी. लग्नाला बरीच वर्षे झाली तरी मूलबाळ नव्हते. तेल्यांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या मंडळात, अशी रीत होती, की निपुत्रिकाचा धंदा त्याच्यामागे भावाकडे जायचा. मात्र त्याने जिवंतपणी वडीलधाऱ्यांसमोर उभे राहून दुसऱ्या कुणाचे नाव घेतले, तर तोच शब्द चाले.

एकदा तेल घ्यायला आलेला हा अमात्य म्हणाला, "पिंगला, श्रेणीच्या सभेत येऊन सोणाचे नाव घेऊन टाक. एका वाक्याचे तर काम आहे."

पिंगल हसला. "महाराज, मी काय आजच चाललोय? बघू पुढं. भरल्या घरात असलं अभद्र कशाला बोलायचं?"

आत सोणाचे सूप थांबले. रात्री जेवताना तिने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मल्लक माझा पाठचा भाऊ. तो काय तुला बाहेर काढणार आहे?"

पुढे एके दिवशी जेवता जेवता पिंगलाचा हात ताटातच राहिला. त्याने सोणाकडे पाहिले. काहीतरी सांगायला तोंड उघडले, ते तसेच उघडे राहिले. शब्द आला नाही.

तेरावे झाले आणि मल्लकाने घाण्याचा ताबा घेतला. "वहिनी, तुम्ही राहा ना," तो म्हणाला. "गोठ्याशेजारची खोली रिकामीच आहे." सोणा अमात्याकडे गेली. अमात्याने तिचे सगळे ऐकून घेतले आणि जड मनाने सांगितले, "बाई, रीत मल्लकाच्या बाजूची आहे. तुझ्यासाठी ती वाकवली, तर उद्या दुसऱ्या कुणावर ती उलटेल." सोणा गोठ्याशेजारी राहायला गेली.

एका टळटळीत दुपारी मल्लक बैल सोडून जेवायला गेला होता. सोणाला घाण्याची करकर ऐकू आली. तिने जाऊन पाहिले. बैल गोठ्यातच होते, आणि घाणा फिरत होता. जुवाची एक बाजू माणसाच्या खांद्याइतकी खाली दबली होती. खालच्या धुळीत एकामागून एक अनवाणी पाऊल उमटत होते. डावे पाऊल जरा फरफटत होते. ती चाल तिच्या ओळखीची होती. उखळात तिळाचा दाणा नव्हता, तरी तेल ठिबकत होते.

रात्री तिने त्या तेलाचा दिवा लावून पाहिला तर ज्योत सरळ उभी राहिली, पण उजेड पडेना. तळहात दिव्यापुढे धरला तरी दिसत नव्हता.

रोज दुपारी तेच होऊ लागले. मांत्रिक आले नि गेले. बैल घाण्याच्या दारात पाय रोवून उभे राहत. गिऱ्हाईक तुटले. मल्लक वाळत चालला. शेवटी गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा म्हणाला, "अमात्या, घाणा, जागा, बैल, सगळे तूच ठेवून घे. तिकडे जायला तू एकटाच भीत नाहीस. मल्लकही सुटेल."

"महाराज, आधी मला जाऊन पाहू द्या," अमात्य म्हणाला.

दुपारी तो सोणाला आणि मल्लकाला घेऊन घाण्यापाशी उभा राहिला. करकर सुरू झाली. अमात्य शांतपणे म्हणाला, "पिंगला, काय सांगायचे आहे तुला?"

पावले थांबली. सोणाला तो दिसला. खांदा सोलवटलेला, ओठ हलत होते. पण तोंडातून आवाज निघाला तो घाण्याचा. कोरड्या लाकडावर लाकूड घासावे तसा. तो पुन्हा पुन्हा बोलू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा तीच करकर बाहेर येत होती. सोणाने कान झाकले. "अहो, पुरे करा," ती रडत म्हणाली. "कळलं मला. पुरे करा."

अमात्य म्हणाला, "पिंगला, तू आता स्पष्ट बोललास तरी तुझा शब्द मला सभेत धरता येणार नाही. तुझी वेळ गेली." मग तो मल्लकाकडे वळला. मल्लक जुवाकडे टक लावून पाहत होता. जुवाची दुसरी बाजू रिकामी होती, आणि ती हळूहळू त्याच्या खांद्याच्या उंचीवर येऊन थांबली होती.

"वहिनी, घाणा तुमचा!" मल्लक ओरडला. "आत्ता, या घटकेला तुमचा!"

"इथे नको," अमात्य म्हणाला. "भीतीच्या भरात दिलेले तू उद्या परत मागशील. घरी जा. पोटभर जेव, झोप. सकाळी मन बदलले तर घाणा तुझाच आहे, आणि मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. मन तेच राहिले तर सभेत ये."

सकाळी मल्लक सभेत आला. त्याने वडीलधाऱ्यांसमोर सोणाचे नाव घेतले, आणि आपल्यामागे आपल्या घरचे काय कुणाचे, तेही सांगितले. अमात्याने सोणाला विचारले, "आणि बाई, तुझ्यामागे?"

सोणा दचकली. मग तिने पदर सावरला. "भावोजींची मुलगी चंपा. तिला तेलातलं कळतं."

त्या दुपारी घाणा फिरला नाही. अमात्याने राजाचे दान नम्रपणे नाकारले, आणि त्याच्या सांगण्यावरून नगरातल्या प्रत्येक श्रेणीत हयातीतच नाव सांगून ठेवण्याची चाल पडली.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना आणि गृहस्थांना म्हणाले, "तेव्हाचा मल्लक आज आपल्या संघात भिक्षू आहे. सोणा भिक्षुणी झाली आहे. तो अमात्य मीच होतो. आणि पिंगल..." त्यांची नजर मागच्या रांगांकडे गेली. "पिंगल आज इथेच शेवटच्या रांगेत बसला आहे. पुष्कळ जन्म गेले. आज सकाळीही तो बायकोला म्हणाला, बघू पुढं."

सभेत कुणी मागे वळून पाहिले नाही. मागे एक माणूस उठला, आणि त्याची पावले घराच्या दिशेने घाईघाईने दूर गेली.

"याला अप्रमाद म्हणतात," शास्ते म्हणाले. "जे करायचे ते वेळ असताना करणे."