बुवांचं जुनं अ‍ॅप

“पण बुवा, या जुनाट अ‍ॅपमध्ये असं आहे तरी काय?”

परागने पुन्हा विचारलं.

सोशल मीडियावर मुकुंदबुवांचं खातं एकच. पण त्यात शिरायला अ‍ॅप बरीच, ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावं. परागने स्वतःच एक नवंकोरं बनवलं होतं. हा बुवांच्या मठातच लहानाचा मोठा झालेला, आता पुण्यात नाव काढलेला. अ‍ॅप लोकांपुढे जाण्याआधी बुवांनी ते वापरावं, एवढाच त्याचा हट्ट.

बुवा जन्मांध. फोन त्यांना सगळं वाचून दाखवी, तोही इतका भरधाव की शेजारच्याला एक शब्द कळू नये. बुवांना सगळं कळे. फोनची काच कधीच फुटली होती, ती बदलावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. या माणसाचं मला फार कौतुक आहे, ते मी लपवत नाही.

“तुझं कसं आहे रे?” बुवांनी विचारलं.

“देखणं! कुठे अक्षर नाही, नुसती चित्रं. बघताक्षणी...”

पराग थांबला.

“बोल, बोल,” बुवा हसले.

“तुमचा फोन तेही वाचेलच की, बुवा.”

“मग चढव. सुभद्राबाई थांबल्यात.”

सुभद्राबाई तिकडे परभणीकडच्या. नवरा गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवायचं त्यांच्या मनात येत नसे. रोज सकाळी त्या लिहीत, “बुवा, आज रांधू का?” बुवा लिहीत, “रांध. आणि काय केलंस ते मला सांग.” हे उत्तर येईपर्यंत बाई उपाशी.

परागने नवं अ‍ॅप बुवांच्या फोनवर चढवलं. आपल्यालाही कळावं म्हणून आवाजाचा वेग कमी केला.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं पुढे केलं.

“आज तूच उत्तर दे. हे डोळ्यांना बांध.”

“त्यात काय मोठंसं?”

स्वतःच्या घरात कोण वाट चुकतो! परागने ऐटीत उपरणं बांधलं. सुभद्राबाईंचा निरोप फोनने स्वच्छ वाचला. आता फक्त उत्तराचं बटण शोधायचं.

बोट फिरलं.

“बटण,” फोन म्हणाला.

बोट सरकलं.

“बटण.”

आणखी सरकलं...

“बटण.”

चित्रांना नावंच दिलेली नव्हती, फोन बिचारा वाचणार काय? परागला घाम फुटला. सगळी बटणं त्यानेच बसवलेली, आणि त्यातलं उत्तराचं कोणतं ते त्यालाच कळेना. शेवटी त्याने अंदाजाने एक दाबलं.

“सुभद्राबाई यांना ब्लॉक केले आहे.”



परागने उपरणं ओढून काढलं.

“बुवा, त्या जेवल्या नसतील!”

“नसतील.”

त्याने घाईघाईने तो ब्लॉक काढला, जुनं अ‍ॅप उघडलं आणि फोन बुवांच्या हातात दिला. बुवांनी वेग पहिल्यासारखा केला. त्यांचं बोट फुटक्या काचेवरून झरझर गेलं, फोन काहीतरी पुटपुटला, उत्तर गेलंसुद्धा. किती सहज! परागने हे आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

काही वेळाने उलट निरोप आला. बुवांनी तो परागसाठी सावकाश लावला.

“मेथी निवडायला घेतलीय.”

बुवांचा चेहरा खुलला. परागचे डोळे भरून आले.

“बुवा, एकेका बटणाला नाव देतो. मग घ्याल माझं अ‍ॅप?”

“घेईन की. तुझ्या हातचं आहे.”

पराग उठला. उपरण्याची घडी करून त्याने ती बुवांपुढे ठेवली.

बुवांनी चाचपून ती उचलली आणि पुन्हा त्याच्याच हातात दिली.

“घेऊन जा. उघड्या डोळ्यांनी तुला दिसायचं नाही.”