दस्तगीर नालबंदाचा रिकामा रकाना

नदीकाठच्या एका नगरात एकदा एक म्हातारी सकाळपासून नगरसभेच्या पायरीवर बसून होती, आणि आत एक शिष्य तिच्या मुलासाठी अर्ज वाचत होता.

मुलाचं नाव दस्तगीर. घोड्यांना नाल ठोकायचा. तांड्याबरोबर शेजारच्या राज्यात गेला. तिथल्या बाजारात कुणीतरी राजाला शिव्या घातल्या. शिव्या घालणारा पळाला आणि जे पळाले नाहीत ते दस्तगीरसकट सतरा जण शिपायांनी धरून नेले. पळायचं कारण नव्हतं म्हणून ते उभे होते, एवढाच त्यांचा अपराध. तीन वर्षं झाली. ना चौकशी, ना न्याय, ना निरोप.

शिष्य शिकलेला. शिकलेल्या माणसाला थोडक्यात बोलता येत नाही. त्यानं अकरा पानं लिहिली होती. पहिल्यावर मानवाची प्रतिष्ठा, दुसऱ्यावर न्यायाचं सनातन स्वरूप, तिसऱ्यावर राजधर्म. दस्तगीरचं नाव यायला आठवं पान उजाडलं. तोवर नऊ सभासदांतले दोघे पेंगत होते आणि एक जण दातातली सुपारी काढत होता.

सभाध्यक्ष मनानं वाईट नव्हते. म्हणाले, "लिहिलंय फार छान. डोळ्यांत पाणी आलं. पण आमचं काम दिवाबत्ती, गटारं आणि जन्ममृत्यूच्या नोंदी. परक्या राज्याच्या तुरुंगात आम्ही नाक कशाला खुपसायचं?"

सुपारीवाले म्हणाले, "आणि तो राजा आमचं ऐकतोय होय! उद्या म्हणाल, ठराव करून पाऊस पाडा."

सभा खदाखदा हसली. शिष्यानं पानं गुंडाळली आणि बाहेर आला.

"काय म्हणाले?" म्हातारीनं विचारलं.

"विचार करतो म्हणाले, अम्मा," शिष्य म्हणाला. एवढं खोटं तो जन्मात पहिल्यांदा बोलला.

त्यानं सगळी हकीकत गुरूंना सांगितली. गुरू वयोवृद्ध, तोंडानं फटकळ. "अकरा पानं?" ते म्हणाले. "उद्या नवा अर्ज दे. एका ओळीचा. दस्तगीर नालबंद मेला, त्याच्या मृत्यूची नोंद करा."

"गुरुजी, काय बोलता हे! त्याच्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?"

"तुझ्या तोंडानं नको. मी सांगतो."

गुरू जाऊन म्हातारीजवळ बसले. शिष्य लांब उभा होता, त्याला शब्द ऐकू आले नाहीत. तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतलेले मात्र दिसले. बऱ्याच वेळानं तिनं हात खाली घेतले आणि मान हलवली.

त्या नगरात मृत्यूची नोंद करण्याची एक जुनी रीत होती. कारकून जन्माची वही उघडायचा. माणसाच्या नावापुढचा शेवटचा रकाना मृत्यूचा. अध्यक्ष नाव मोठ्यानं वाचत आणि नऊ सभासद एकेक करून म्हणत, "गेला." नवांनी म्हटलं की रकाना भरायचा. जमिनीच्या लोभानं जित्या माणसाला कागदावर कुणी मारू नये म्हणून पूर्वजांनी हे घालून दिलं होतं. आणि एकानं जरी म्हटलं नाही, तर तो माणूस शेवटचा जिथं दिसला तिथं सभेनं आपल्या शिक्क्यानिशी विचारणा करायची. हा पुढचा भाग कधी लागलाच नव्हता, त्यामुळं सगळे तो विसरले होते.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी म्हातारीला सभेत अगदी समोर बसवलं. कारकुनानं धूळ झटकून वही उघडली. दस्तगीरच्या जन्माची ओळ सापडली. खाली सही अध्यक्षांच्याच वडिलांची. अध्यक्षांनी नाव वाचलं आणि सुपारीवाल्यांना खूण केली, "म्हणा."

सुपारीवाल्यांनी तोंड उघडलं. म्हातारी त्यांच्या ओठांकडं बघत होती.

"मी... मी कुठं पाहिलंय त्याला मेलेला?"

"मग आहे म्हणा," गुरू म्हणाले.

"ते तरी कसं म्हणू?"

"तुमच्या घोड्याला शेवटची नाल कुणी ठोकली?"

"त्यानंच," सुपारीवाले खाली बघत म्हणाले. "घोडं द्वाड होतं. त्याच्याच हाताला उभं राहायचं."

अध्यक्षांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. नवांतल्या एकाच्याही तोंडून "गेला" निघेना. शेवटी कारकुनानं चाचरत जुना नियम वाचून दाखवला.

अध्यक्ष चिडले. "म्हाताऱ्या, आम्हाला खोड्यात अडकवलंस."

"वही तुमची, रकाना तुमचा," गुरू म्हणाले. "मी काय केलं?"

त्याच दिवशी नऊ सह्यांचं, शिक्क्याचं पत्र शेजारच्या राज्यात गेलं.

परतताना शिष्यानं विचारलं, "गुरुजी, माझ्या अकरा पानांनी झालं नाही, ते एका ओळीनं कसं झालं?"

गुरू म्हणाले, "तू त्यांच्यापुढं अखिल मानवजात उभी केलीस. ती कुणाच्या घोड्याला नाल ठोकत नाही. तिच्यासाठी डोळे ओले करायचे, पुसायचे, की माणूस जेवायला मोकळा. अरे, गप्प बसून ते दस्तगीरला रोज मारतच होते. मी एवढंच म्हटलं, तेच जरा मोठ्यानं म्हणा."

"आणि म्हणाले असते तर?"

गुरू चालता चालता थांबले. "तर ते पाप माझं होतं. ते भय मी अम्मापुढं ठेवलं. ती म्हणाली, तीन वर्षं कुणी आहे म्हणत नाही, कुणी गेला म्हणत नाही, एकदा काय ते होऊ दे."

चाळीस दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. सदर कैदी मागच्या हिवाळ्यात तापानं मरण पावला. शिष्य अकरा पानं वाचत होता तेव्हा दस्तगीरला मातीआड होऊन कित्येक महिने लोटले होते.

सभा पुन्हा भरली. या खेपेस म्हातारी आत आली नाही, पायरीवरच बसली. अध्यक्षांनी नाव वाचलं. "गेला," एकानं म्हटलं. "गेला," दुसऱ्यानं. सुपारीवाल्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही, त्यांना दोनदा म्हणावं लागलं. कारकुनानं रकाना भरला आणि वही मिटायला घेतली.

"थांब," सुपारीवाले म्हणाले. मग शिष्याकडं वळले. "त्याच्याबरोबर आणखी किती जण होते म्हणालास?"

"सोळा."

"नावं आहेत?"

"आठव्या पानावर आहेत."

"वाच."

शिष्यानं सोळा नावं वाचली. त्यांतलं एकही त्या नगराच्या वहीत नव्हतं. तरी कुणी हद्दीचं नाव काढलं नाही. या सोळा जणांची चौकशी व्हावी, त्यांना न्याय मिळावा, असा ठराव नऊच्या नऊ हात वर होऊन झाला.

शिष्य बाहेर येऊन म्हातारीशेजारी बसला.

"नऊ झाले," ती म्हणाली. "मी ऐकले."

"अम्मा, त्या पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. ते विचार करतो म्हणाले नव्हते."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "हसलेलं इथपर्यंत ऐकू आलं होतं."

शिष्यानं मांडीवरच्या गुंडाळीतून आठवं पान तेवढं वेगळं काढलं आणि बाकीची दहा पानं खाली पायरीवर ठेवली.