पान देवळोलीचं

"साहेब, या संस्थेत एक तर ही पोरगी राहील, नाहीतर मी!" मी टेबलावर हात आपटला.

भांडण पाणी-तपासणीच्या अहवालावरून पेटलं होतं. दर महिन्याला दोनशे गावांची एक पीडीएफ निघते. अनुक्रमणिकेतल्या गावाच्या नावावर दाबलं की त्या गावाचं पान उघडावं, म्हणून मी एकेक लिंक हातानं लावते. संगणक मी पन्नाशीनंतर स्वतःच शिकले, त्याचा ताठा होताच. आणि ही कंत्राटावरची शबनम मुलाणी! पानावरचं नाव वाचून आपोआप लिंक लावणारा प्रोग्रॅम हिनं लिहिला.

"यंत्राला गाव कळतं का गं?" मी गरजले. "अकरा वर्षं लावतेय मी. एक तक्रार दाखव!"

"काकू, तुमचं सासर धामणशेत ना? तुमच्या या महिन्याच्या अहवालात त्यावर दाबा की."

मी तोऱ्यात दाबलं. "बघा साहेब, पाणी पिण्यायोग्य!"

"वरचं नाव वाचा."

वर देवळोली होतं. साहेबांनी या वेळी सुरुवातीला मनोगताचं एक पान घातलं होतं, आणि मी सवयीनं गेल्या महिन्याचेच पान क्रमांक लिंकांना दिले होते. प्रत्येक लिंक एक पान अलीकडे उघडत होती. धामणशेत पुढच्या पानावर होतं: पाणी पिऊ नये. अहवाल गावोगावी जाऊन आठ दिवस झाले होते. माझी मान वर होईना.

शबनम हळूच म्हणाली, "तक्रार कुठून येणार, काकू, तुमच्या सासरच्यांनी पाणी वाचलं देवळोलीचं आणि प्यायलं आपलं."