अंगणातली कोरी जागा

“मग जिथे काहीच दिसत नाही, तिथे काही आहे असं म्हणायचं कसं, माई?”

दिवेलागणीच्या वेळी बयोमाई मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्या सोलतच राहिल्या.

दीपंकर खोत चिडला. लहानपणी याच मठात माईंच्या हाताखाली शिकलेला हा पोरगा आता आकाशाचा मोठा पंडित झाला होता, आणि पंडितांना गप्प बसणारं माणूस सोसत नाही.

त्याने पुन्हा समजावलं. फार दूरच्या ताऱ्यांचा उजेड येताना वाटेतल्या जड वस्तूपाशी वाकतो. किती वाकला ते मोजलं, की न दिसणाऱ्या पदार्थाचंही वजन कळतं. कृष्णद्रव्य म्हणतात त्याला. दीपंकरने केलेल्या आकाशाच्या नकाशात एका जागी उजेड भलताच वाकत होता, आणि तिथे ना तारा, ना धूळ.

“वरिष्ठ म्हणतात, चूक आहे, पुसून टाक. ठेवलं तर हसं होईल, हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल. मी मोजून मोजून थकलो, चूक सापडत नाही... पण पुसतो. आशीर्वाद द्या.”

“देते. आधी समोरच्या देवळातला दिवा आण. सरळ जा.”

दुपारची जेवणं आटोपली की अंगणात नदीची वाळू पसरून सारखी करायची, हा मठाचा जुना रिवाज. दीपंकर त्या वाळूवरून गेला, दिवा घेऊन आला.

“सरळ गेलास?”

“सरळच. अंगण मोकळंच तर आहे.”

माईंनी अंगणाकडे बोट केलं.

त्याने दिवा खाली धरला...

विहिरीवरून आलेली, स्वयंपाकघराकडे गेलेली, सगळी पावलं अंगणाच्या मधोमध एका जागेपाशी वळत होती. जागा कोरी होती. तिथे काडीसुद्धा पडलेली नव्हती. मठातलं कुत्रंही बाजूनेच गेलं होतं.

आणि त्याची स्वतःची ताजी पावलं... जाताना वळलेली, येतानाही वळलेली. वळल्याचं त्याला आठवत नव्हतं.

माईंनी कोपऱ्यातला झाडू त्याच्या हाती दिला.

“पुसायचंय ना? पूस.”

तो झाडू घेऊन निघाला. त्या जागेच्या अलीकडे त्याचे पाय थबकले. पुढे पाऊल पडेना.

“माई...” त्याने ओसरीकडे वळून पाहिलं. “इथे कोण आहे?”

“मला काय विचारतोस?” माईंनी पुढची शेंग उचलली. “वाट तू दिलीस.”