दोराला कोण उतरवणार?

फार मागे, एका बर्फाळ शिखराच्या पायथ्याला दोर, त्याची बायको कुऱ्हाड आणि लेक मेख राहायची. एका साली माणसांनी दोराला वरच्या कड्यावर बांधलं, त्याला धरून शिखर गाठलं आणि उतरताना तिथंच सोडलं. तशी रीतच होती.

दरसाल कुऱ्हाड माणसांबरोबर शिखरावरून परतलेल्या काठ्यांना विचारायची, "आमचे हे दिसले का गं?"

"दिसले की! त्यांना धरूनच तर सगळे सुखरूप उतरले."

"मग त्यांना कोण उतरवणार?"



एकदा हे पेमा नावाच्या वाटाड्या बाईनं ऐकलं. त्या साली शिखर हाकेवर असताना ती कड्यावरच थांबली, गोठलेल्या गाठी सोडवत बसली आणि दोराला खांद्यावर घेऊन उतरली.

"वाळून काडी झालात की हो!" कुऱ्हाड म्हणाली. तेव्हापासून तिघं एकाच खुंटीवर सुखानं नांदतात.