दोन घड्याळं आणि अर्धा तास

फार फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका लहानशा राज्यात एक राजा होता. राणी लवकर गेली. लेक इंदुलेखा तेव्हा दोन वर्षांची होती. राजानंच तिला वाढवलं. तिची वेणी घालायलाही तो शिकला होता, आणि ती वेणी रोज जरा वाकडीच यायची, हे अख्ख्या दरबाराला ठाऊक होतं.

संध्याकाळी सात वाजले की राजा कारभार बाजूला ठेवायचा. मग बापलेक अर्धा तास बोलत बसायचे. हा नेम एकदाही चुकला नाही.

पुढे लेकीचं लग्न ठरलं. सासर सरळ दक्षिणेला, चार दिवसांच्या वाटेवर. राजाला एकच काळजी लागली, की आता सात वाजता काय करायचं? त्यानं तुळसाक्काला बोलावलं. राज्यातली सगळ्यात चांगली घड्याळं तुळसाक्का करायची. केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या या बाईला राजानं एकसारखी दोन सोन्याची घड्याळं करायला सांगितली. एक त्याच्यासाठी आणि एक लेकीसाठी. दूर राहूनही दोघांनी एकाच वेळी एकमेकांची आठवण काढायची, असं बापलेकीत ठरलं होतं.

तुळसाक्का वर्षभर खपली. घड्याळं हाती देताना तिनं सांगितलं, की रोज चावी द्यावी आणि आठवड्यातून एकदा भर दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली की काटे बारावर लावून घ्यावेत, कारण थोडा फरक पडतोच. राजानं मान हलवली, पण मनावर घेतलं नाही. एवढं मौल्यवान घड्याळ सावलीकडून काय शिकणार, असं त्याला वाटलं. लेकीला तर त्यानं हे सांगितलंही नाही.

सहा महिने गेले. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला राजा स्वतः निघाला. तिच्या सासरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. थोड्या वेळानं त्याच्या घड्याळात सात वाजले. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती जावांमध्ये बसून करंज्यांना मुरड घालत होती, हसत होती. तिनं ना घड्याळ काढलं, ना बापाकडे पाहिलं.

राजाला वाटलं, आपण रोज खिडकीशी बसतो आणि ही आपल्याला विसरली. पाण्याचा पेला आला, तो त्यानं तसाच ठेवला.

अर्ध्या तासानं इंदुलेखा उठली. हात धुतले, कमरेचं घड्याळ काढून पाहिलं, आणि उत्तरेकडच्या खिडकीशी जाऊन डोळे मिटून उभी राहिली. बाप घरात आहे हे सवयीनं क्षणभर तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

राजा तिच्यामागे जाऊन उभा राहिला. दोघांनी घड्याळं शेजारी ठेवली. त्याच्यात साडेसात, तिच्यात सात.

राजाला आधी हायसं वाटलं, आणि मग राग आला. सहा महिने आपण एकत्र आहोत असं समजून आपण एकटेच बसत होतो, हे त्याला सहन होईना. लेकीला घेऊन राज्यात परतताच त्यानं तुळसाक्काच्या कारखान्याला कुलूप घातलं. तिच्या हाताखालच्या चार कारागीर बायका घरी बसल्या. तुळसाक्काला दरबारात उभं केलं. राजानं विचारलं, की इतकं सोनं घेऊन तू मला खोटी वेळ का दिलीस?

तुळसाक्का शांतपणे म्हणाली, "महाराज, एका दिवसात शहाऐंशी हजार चारशे सेकंद असतात. तुमचं घड्याळ त्यात पाच सेकंद पुढे जातं, ताईसाहेबांचं पाच सेकंद मागे राहतं. आतली गुंडाळलेल्या तारेची कमान केसाएवढी बारीक आहे. तिला ऊन लागतं, थंडी लागते. घड्याळ आडवं ठेवलं की उभं, हेही तिला कळतं. याहून नेमकं माझ्या हातून होत नाही. म्हणून तर सावली बघायला सांगितलं होतं."

राजाला ते आठवलं. पण भरल्या दरबारात कबूल करणं त्याला जड गेलं.

तेव्हा इंदुलेखा पुढे आली. "आबा, रोजचे पाच सेकंद आपण दोघांनी साठू दिले. आणि मी तुम्हाला विसरले, हे घड्याळानं कुठं सांगितलं? ते तुम्हीच ठरवलंत." मग तिचा आवाज मऊ झाला. "तुमचा अर्धा तास संपायचा आणि माझा सुरू व्हायचा. म्हणजे आता आता तर रोज तासभर आपल्यातलं कुणी ना कुणी दुसऱ्याची आठवण काढत होतं."

राजाचे डोळे भरून आले. किल्ली घेऊन तो स्वतः पायी कारखान्यापर्यंत गेला, कुलूप काढलं आणि चारही कारागिणींना बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुळसाक्का, तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी."

तुळसाक्कानं दोन्ही घड्याळं मागून घेतली, उघडून साफ केली, तेलाचा थेंब दिला आणि परत केली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, त्यानंतर दर सोमवारी भर दुपारी इकडे बाप आणि तिकडे लेक अंगणात उभे राहून काटे लावू लागले. सोमवार ते सोमवार प्रत्येक घड्याळात अर्ध्या मिनिटाचा फरक पडायचाच. तो पाहून राजाला राग येत नसे. तो तुळसाक्काची खुशाली विचारायला माणूस पाठवायचा.

माणसाच्या हातच्या उत्तमातल्या उत्तम वस्तूतही थोडी चूक राहते. तिच्यावर चिडण्यापेक्षा ती वेळोवेळी सावरून घ्यावी.