गोजरा माळणीची डाळिंबं

हिवरतळ्यातल्या आजच्या म्हाताऱ्यांच्या पणज्याही जन्माला आल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. गावात जहागीरदाराची गढी होती आणि गढीच्या भिंतीआड डाळिंबाची बाग. ती लावली होती गोजरा माळणीनं. डोक्यावर घागरी वाहून तिनं एकेक रोप जगवलं होतं. फळं मात्र जहागीरदाराच्या ताटात जायची. गावाला भिंतीवरून डोकावणारी लाल फुलं तेवढी दिसायची.

एका भाद्रपदात गावात हगवणीची साथ आली. पोरं सुकून काटकी झाली. गोजरा डाळिंबाची साल उगाळून ताकातून पाजायची आणि जरा उतार पडला, की दाणे पिळून रस द्यायची. पोट थांबायचं, अंगात त्राण यायचं. पण पदराआड लपवून आणलेली फळं कुणाकुणाला पुरणार? कुंभाराची धाकटी पोर तिच्या मांडीवरच गेली. आणि बागेत फळं पिकून तडकत होती, खाली पडून सडत होती.

गोजरा उठली ती थेट बागेत गेली. भर दुपारी तिनं दार सताड उघडलं आणि हाळी दिली, "या गं बायांनो! ओट्या भरून न्या!"

अख्खं गाव लोटलं. असं म्हणतात, त्या दिवशी कितीही तोडलं तरी फांद्या रिकाम्या होईनात. आजारी माणसं उठून बसली. धडधाकट माणसांनीही जन्मात पहिल्यांदा ते आंबटगोड दाणे मूठमूठ खाल्ले, आणि हात कोपरापर्यंत लाल करून घेतले.

जहागीरदार परगावाहून आला तो संतापूनच. "दार कुणी उघडलं?"

"मी," गोजरा म्हणाली. "उद्याही उघडीन."

त्यानं सगळी बाग तोडायला लावली. गोजरा एकेक घाव बघत उभी राहिली, पण तिनं डोळ्याला पदर लावला नाही. शेवटचं झाड उरलं तेव्हा जहागीरदार म्हणाला, "पाय धर माझे. हे एवढं राखतो."

गोजरानं खाली पडलेलं डाळिंब उचललं, हातानंच फोडलं, तोंडभर दाणे चावले आणि बिया त्याच्या उंबऱ्यावर थुंकल्या.

"तोडा आता," ती म्हणाली.

शिपायांनी तिला गावाबाहेर हाकललं. ती वाटभर खात गेली, थुंकत गेली. गढीच्या भिंतीवर, बुरुजावर, वेशीच्या दगडावर. पुन्हा ती कुणाला दिसली नाही.

असं म्हणतात, पुढच्या पावसाळ्यात जिथं जिथं बी पडलं होतं, तिथं दगड फोडून रोप आलं. जहागीरदारानं उपटलं, जाळलं; एकाच्या जागी दोन उगवली. मुळांनी भिंत उकलली, बुरूज खचला. शेवटी त्यालाच गाव सोडावं लागलं.

हिवरतळ्यात आजही डाळिंबाला कुंपण घालत नाहीत. पहिलं फळ आजाऱ्याला आणि बाळंतिणीला जातं. मग गाव पडक्या गढीच्या उंबऱ्याशी जमतं, डाळिंबं हातानं फोडतं, पोटभर खातं. पोरं उंबऱ्यावर बिया थुंकायची चढाओढ लावतात, आणि मागून म्हाताऱ्या ओरडतात, "अजून जोरात रे! गोजराच्या नावानं!"